पैसा पुरवणाऱ्यावर दावा: दहशतवादाचे पीडित दिवाणी कोर्टात जातात तेव्हा

बॉम्ब ठेवणारा सापडला की त्याच्यावर फौजदारी खटला चालतो, हे आपल्याला माहीत असतं. पण त्या बॉम्बसाठी ज्याने पैसे दिले, ज्याच्या खात्यातून ते फिरले, ज्याने देणग्या गोळा केल्या, त्याच्याकडून मेलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाई मागता येते का? अमेरिकेत गेली तीसेक वर्षं अशी मागणी दिवाणी न्यायालयांत होते आहे. बँका, धर्मादाय संस्था, सिमेंटची कंपनी, केळ्यांची कंपनी, समाजमाध्यमं, परकी सरकारं असे सगळे तिथे प्रतिवादी झाले आहेत. मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करते आणि दोनदा बॉम्बस्फोट सोसलेलं मालेगाव आमच्याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे हा विषय मला परदेशी वाटत नाही. तो नीट समजून घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आधी फौजदारी आणि दिवाणी यांतला फरक पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फौजदारी खटला सरकार चालवतं. ज्याचा मुलगा गेला तो बाप तिथे साक्षीदार असतो. खटल्याची सूत्रं त्याच्या हातात नसतात. तपास कुणी केला, कोणती कलमं लावली, कोणता साक्षीदार गाळला, यातलं काहीही तो ठरवत नाही. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, कारण आरोपीचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं. दिवाणी दाव्यात तोच बाप वादी होतो. कोणाला प्रतिवादी करायचं हे तो ठरवतो. कोर्टापुढे प्रश्न असतो तो एवढाच, की दोन्ही बाजूंचा पुरावा तोलल्यावर कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय वाटतं. हरलेला तुरुंगात जात नाही, त्याला पैसे भरावे लागतात. शिवाय अमेरिकी पद्धतीत वादीला प्रतिवादीचे कागद मागण्याचा मोठा हक्क आहे: बँकेचे खातेउतारे, अंतर्गत पत्रव्यवहार, कोणत्या अधिकाऱ्याने कशावर सही केली. माझ्या मते या दाव्यांची खरी ताकद भरपाईच्या आकड्यापेक्षा या कागदांत आहे.

अमेरिकेतला कायदा एका खुनातून आला. ऑक्टोबर १९८५ मध्ये 'अकिले लाउरो' या इटालियन प्रवासी जहाजाचं पॅलेस्टिनी अतिरेक्यांनी अपहरण केलं आणि लिऑन क्लिंगहॉफर या चाकाच्या खुर्चीतल्या अमेरिकी प्रवाशाला गोळी घालून समुद्रात फेकलं. त्याच्या कुटुंबाने पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेवर दावा केला. तो अमेरिकी कोर्टात टिकला तो खून समुद्रावर झाला म्हणून, सागरी कायद्याच्या आधाराने. हाच खून परक्या देशात जमिनीवर झाला असता तर काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि अमेरिकी काँग्रेसने दहशतवादविरोधी कायद्यात दिवाणी दाव्याची तरतूद केली. आधी १९९० मध्ये, मग पक्केपणाने १९९२ मध्ये. आंतरराष्ट्रीय दहशतवादी कृत्यात जखमी झालेला अमेरिकी नागरिक, किंवा मारल्या गेलेल्याचे वारस, दावा करू शकतात आणि सिद्ध झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळते. तिप्पट ठेवण्यामागे हेतू सरळ होता: पैसा पुरवणं परवडू नये.

आता अडचण पाहा. गोळी झाडणाऱ्याकडे सहसा पैसे नसतात, बऱ्याचदा तो जिवंतही नसतो. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते घटनेपासून हजारो मैल लांब असतात आणि म्हणतात, आम्ही तर दान दिलं, आम्ही तर फक्त खातं उघडलं. मग जबाबदारीची रेष कुठे ओढायची? तीस वर्षांतले जवळजवळ सगळे वाद या एका रेषेचे आहेत.

डेव्हिड बोइम हा सतरा वर्षांचा मुलगा १९९६ मध्ये वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातल्या बेट एलजवळ बसची वाट पाहताना गोळीबारात मारला गेला. आईवडिलांनी २००० साली शिकागोत दावा केला. प्रतिवादी होत्या अमेरिकेतल्या काही संस्था, ज्या हमास या पॅलेस्टिनी संघटनेला पैसे पोचवतात असा आरोप होता. संस्थांचा बचाव होता की पैसा शाळा, दवाखाने आणि अनाथांसाठी जातो. २००४ मध्ये ज्यूरीने, म्हणजे निवाडा करायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, ५.२ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. तिप्पट करून ती १५.६ कोटी झाली. अपिलात, २००८ मध्ये, न्यायाधीश रिचर्ड पोझनर यांनी लिहिलेला निर्णय आजही वादाचा आहे. त्यांचं म्हणणं असं: संघटना माणसं मारते हे ठाऊक असताना तिच्या दवाखान्याला दिलेला पैसाही तिला मदतच करतो, कारण त्यामुळे तिचा स्वतःचा पैसा बंदुकीसाठी मोकळा होतो. त्या संघटनेचा खुनाशी संबंध आहे हे माहीत असणं, किंवा त्याकडे जाणूनबुजून कानाडोळा करणं, एवढं सिद्ध झालं की पुरे. तुमचाच रुपया त्या गोळीत गेला हे दाखवण्याची गरज नाही.

त्याच खंडपीठातल्या काही न्यायाधीशांना हे पटलं नाही. युद्धग्रस्त भागात औषधं पोचवणारे डॉक्टरही या जाळ्यात येतील, ही त्यांची चिंता होती आणि ती मला रास्त वाटते. दुसरं लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे त्याच निर्णयात एका व्यक्तीविरुद्धचा निकाल रद्द झाला, कारण कायदा लागू झाल्यानंतर त्याने मदत केल्याचा पुरावा नव्हता. एका संस्थेचं प्रकरण फेरविचारासाठी परत गेलं. म्हणजे 'दहशतवाद' हा शब्द कानावर पडला म्हणून कोर्टाने सगळ्यांना एका मापाने मोजलं नाही.

यापुढची पायरी ज्या खटल्यावर उभी आहे त्याचा दहशतवादाशी काडीचाही संबंध नाही. डिसेंबर १९८० मध्ये वॉशिंग्टनमध्ये मायकेल हॅल्बरस्टॅम हे हृदयरोगतज्ज्ञ घरी परतले तेव्हा घरात चोर शिरलेला होता. त्याने डॉक्टरांना गोळी घातली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. चोर पकडला गेला. मग त्यांच्या पत्नीने चोरासोबत राहणाऱ्या बाईवरही दिवाणी दावा लावला. ती बाई कधी चोरी करायला गेली नव्हती, खुनाच्या रात्री ती तिथे नव्हती. पण पाच वर्षं हा माणूस संध्याकाळी बाहेर जाई, चांदीची भांडी, नाणी, दागिने घेऊन येई, भट्टी लावून सोनंचांदी वितळवी, आणि ही बाई हिशोब लिही. गिऱ्हाइकांना पत्रं टाइप करी. येणारा पैसा तिच्या नावावर जमा होई. तिच्या वह्यांत विक्री होती, खरेदी कुठेच नव्हती. माल कुठून येतो हा प्रश्न तिला पडलाच नाही, हे कोर्टाने मान्य केलं नाही. १९८३ च्या अपिलातही तिला चोरासोबत भरपाईला जबाबदार धरलं गेलं.

तीन गोष्टी सिद्ध झाल्या तर मदतनीस दिवाणी कायद्याने सापडतो, असं त्या निकालाने सांगितलं. ज्याला मदत केली त्याने खरोखर अपाय करणारं चुकीचं कृत्य केलेलं असावं. मदत करताना, आपण एका बेकायदा उद्योगाचा भाग आहोत याची जाणीव मदतनिसाला असावी. आणि त्याची मदत जाणूनबुजून केलेली आणि भरीव असावी. २०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने दहशतवादाच्या प्रायोजकांविरुद्धचा नवा कायदा केला तेव्हा हॅल्बरस्टॅमचा खटलाच आधार म्हणून नावानिशी घेतला. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्या कायद्यावर नकाराधिकार वापरला होता. परकी सरकारांवर आपल्या कोर्टात दावे झाले तर तेही आपल्या सैनिकांवर आणि अधिकाऱ्यांवर दावे लावतील, ही त्यांची भीती. काँग्रेसने तो नकार मोडून काढला, सिनेटमध्ये ९७ विरुद्ध १ मतांनी. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातल्या कुटुंबांना सौदी अरेबियाविरुद्ध दावा चालवता यावा हा त्यामागचा मोठा रेटा होता. सौदी सरकार आरोप नाकारत आलं आहे.

या कायद्याची कसोटी लागली २०२३ मध्ये. १ जानेवारी २०१७ रोजी इस्तंबूलच्या रेना नाइटक्लबमध्ये आयसिसच्या माणसाने ३९ जणांना मारलं. मृतांपैकी एकाच्या अमेरिकेतल्या नातेवाइकांनी ट्विटर, फेसबुक आणि गुगलवर दावा केला: आयसिस तुमच्या मंचावर भरती करते, पैसे गोळा करते, तुम्हाला ते ठाऊक आहे, तुम्ही पुरेसं थांबवत नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दावा फेटाळला. कंपन्यांनी सगळ्या जगाला जी सेवा दिली तीच आयसिसलाही मिळाली. त्या हल्ल्याशी त्यांच्या वागण्याचा ठोस धागा दाखवलेला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. हिशोब लिहिणाऱ्या त्या बाईत आणि ट्विटरमध्ये फरक हा: ती एका माणसाच्या एका धंद्यात बुडालेली होती, ट्विटर कोट्यवधींच्या गर्दीत अलिप्त होतं. पीडितांच्या वकिलांना हा निकाल जड गेला. तरी मला तो मूलतः योग्य वाटतो, आणि त्याचं एक कारण आपल्या जिल्ह्यातच आहे.

समजा, निफाड तालुक्यातला एक द्राक्ष निर्यातदार दुबईच्या व्यापाऱ्याला चार कंटेनर पाठवतो. पैसे डॉलरमध्ये येणार, म्हणजे व्यवहार बहुधा न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेतून जाणार. त्या व्यापाऱ्याचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने काढलेल्या निर्बंधयादीतल्या एखाद्या नावाशी जुळतं. नुसतं नाव, माणूस वेगळा. पैसे अडकतात, आणि बँकेकडून कागदांची मागणी सुरू होते: व्यापाऱ्याचा परवाना, मालक कोण, माल पोचल्याची पावती. बँकेतल्या बाई उगाच त्रास देत नसतात. सरकारी दंडाची भीती आहेच, पण अशा दाव्यात आपली बँक ओढली जाईल ही भीतीही त्यामागे असते. न्यायालयांनी रेषा फार अलीकडे ओढली, म्हणजे नुसतं खातं चालवणारा प्रत्येक जण जबाबदार धरला, तर बँका सगळ्यात आधी छोट्या व्यापाऱ्याला आणि आखाती देशांतून घरी पैसे पाठवणाऱ्या मजुराला दारातून परत पाठवतील.

बँकांवरचे दावे नुसते कागदी नसतात, हे अरब बँकेच्या प्रकरणात दिसलं. जॉर्डनच्या या बँकेने खातेदारांची गोपनीयता पुढे करून कागद द्यायला नकार दिला. न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्याबद्दल तिला शिक्षा म्हणून ज्यूरीला प्रतिकूल निष्कर्ष काढायची मुभा दिली, आणि २०१४ मध्ये ज्यूरीने २४ हल्ल्यांसाठी बँकेला जबाबदार ठरवलं. ज्यूरीला कायदा चुकीचा समजावला म्हणून २०१८ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला. तोवर दोन्ही बाजूंची तडजोड ठरलेली होती.

कंपन्यांची प्रकरणं त्यामानाने स्पष्ट असतात, कारण तिथे पैसे थेट हातात दिलेले असतात. केळ्यांचा व्यापार करणाऱ्या चिकिता कंपनीने कोलंबियातल्या निमलष्करी टोळीला १९९७ ते २००४ या काळात १७ लाख डॉलरहून जास्त दिले, असं स्वतःच २००७ मध्ये कबूल केलं. संरक्षणासाठी द्यावे लागले, हा तिचा बचाव. सरकारला अडीच कोटी डॉलर दंड गेला. ज्यांची माणसं टोळीने मारली त्यांना काही मिळालं नाही. त्यांचा दावा चालत चालत जून २०२४ मध्ये फ्लोरिडात ज्यूरीपुढे आला आणि आठ मृतांच्या कुटुंबांना ३.८३ कोटी डॉलर मंजूर झाले. लाफार्ज या फ्रेंच सिमेंट कंपनीने सीरियातला कारखाना चालू ठेवण्यासाठी आयसिसला पैसे दिल्याचं २०२२ मध्ये अमेरिकी कोर्टात मान्य केलं आणि सुमारे ७८ कोटी डॉलर भरले. तेही सरकारजमा झाले. त्यानंतर नोबेल विजेत्या नादिया मुराद आणि इतर यझिदींनी त्या कंपनीवर स्वतंत्र दिवाणी दावा लावला. दंड आणि भरपाई यांतलं अंतर या दोन प्रकरणांत दिसतं तेवढं स्पष्ट क्वचितच दिसतं.

मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचाही असा दावा झाला होता, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. कुलाब्याच्या नरीमन हाऊसमध्ये मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबीयांनी २०१० मध्ये ब्रुकलिनच्या कोर्टात लष्कर-ए-तैयबा, पाकिस्तानची आयएसआय आणि तिचे तेव्हाचे व आधीचे प्रमुख यांच्यावर दावा केला. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने कोर्टाला कळवलं की आयएसआय आणि तिच्या माजी प्रमुखांना सार्वभौम संरक्षण आहे, म्हणजे परकं सरकार म्हणून त्यांच्यावर इथे दावा चालत नाही. कोर्टाने ते मानलं, आणि २०१४ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. पुराव्याचा प्रश्न तिथवर पोचलाच नाही. त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली, त्यांतले बहुतेक भारतीय. त्यांच्या घरच्यांना तर तो अमेरिकी दरवाजाही बंद होता, कारण तिप्पट भरपाईचा हक्क फक्त अमेरिकी नागरिकांचा आहे. भारतात परक्या सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ प्रमाणे आधी केंद्र सरकारची लेखी संमती लागते.

आणि जिंकलं तरी? भारतात दावेदाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १८७२ मध्येच म्हटलं होतं. दरखास्तीचं, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचं, काम करणाऱ्या कुठल्याही वकिलाला ते पटेल. या दाव्यांत तर ते फारच खरं आहे. इराणविरुद्ध अमेरिकी कोर्टांनी अब्जावधी डॉलरचे हुकूमनामे दिले आहेत, पण वसुली करायला मालमत्ता सापडावी लागते. ज्याबद्दल अमेरिकी कोर्टाने इराणला जबाबदार धरलं त्या १९८३ च्या बैरुत स्फोटात २४१ अमेरिकी सैनिक-कर्मचारी मेले. त्यांच्या वारसांना इराणी मध्यवर्ती बँकेच्या गोठवलेल्या सुमारे पावणेदोन अब्ज डॉलरवर हात ठेवता आला तो काँग्रेसने खास कायदा केल्यावर, २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. २०१५ मध्ये तिथे सरकारपुरस्कृत दहशतवादाच्या पीडितांसाठी वेगळा निधीही उभा राहिला. त्यात निर्बंध मोडणाऱ्या बीएनपी पारिबा बँकेच्या दंडाची मोठी रक्कम घातली गेली.

आता मालेगाव. सप्टेंबर २००६ मध्ये शब-ए-बारातच्या शुक्रवारी स्फोट झाले, ३० हून जास्त माणसं गेली. अटक झालेल्या स्थानिक मुस्लिमांना वर्षानुवर्षं तुरुंगात काढावी लागली आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा माणसं गेली. जवळजवळ सतरा वर्षांनी, ३१ जुलै २०२५ रोजी, त्या खटल्यातल्या सातही आरोपींची निर्दोष सुटका झाली. मृतांच्या कुटुंबांना २ लाख आणि जखमींना ५० हजार रुपये सरकारने द्यावेत, असं कोर्टाने सांगितलं. कुटुंबांनी उच्च न्यायालयात अपील केलं आहे. एकाच गावाने दोन्ही बाजू सोसल्या: आपली माणसं मेली, आणि आपलीच माणसं खोट्या आरोपात अडकली. म्हणून मला पैसा पुरवणाऱ्यावर दावा करण्याचा हक्क हवा आहे, आणि तेवढ्याच आग्रहाने त्यात पुराव्याची कडक अटही हवी आहे.

आपल्याकडे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे यूएपीएच्या, कलम १७ खाली दहशतवादासाठी निधी उभारणं हा पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने उच्च प्रतीच्या बनावट नोटांची छपाई आणि तस्करीही दहशतवादी कृत्यात आली. नाशिकरोडला नोटांच्या छापखान्याभोवती राहणाऱ्यांनी तरी हे माहीत करून घ्यावं. याच कायद्याखाली दहशतवादाशी जोडलेली मालमत्ता जप्त होते. पण ती सरकारजमा होते. तिच्यावर पीडिताचा पहिला हक्क आहे असं कायदा कुठेही म्हणत नाही. ही उणीव दूर करायला नवं न्यायालय लागत नाही, एक दुरुस्ती पुरते.

साधा दिवाणी दावा लावता येईल का? कायद्याने बंदी नाही. १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा दुसऱ्याच्या चुकीच्या कृत्याने मेलेल्याच्या आईवडील, जोडीदार आणि मुलांना भरपाई मागू देतो, कृत्य गुन्हा असलं तरीही. पण मुदत आहे मृत्यूपासून दोन वर्षं. फौजदारी खटल्याला सतरा वर्षं लागतात तिथे दोन वर्षांत पैसा कुणी पुरवला हे कुटुंबाने कसं शोधावं? अमेरिकेत ही मुदत आता दहा वर्षं आहे. शिवाय दाव्याच्या रकमेप्रमाणे कोर्ट फी भरावी लागते, आणि मिळणाऱ्या रकमेतला हिस्सा फी म्हणून घेण्याची आपल्या वकिलांना मनाई आहे. ती मनाई योग्य असेल, पण त्यामुळे असे दावे उचलणारी वकिलांची फळीच इथे तयार झाली नाही.

फौजदारी खटला कोसळल्यावरही दिवाणी मार्ग उरतो, याचं उदाहरण उत्तर आयर्लंडमधल्या ओमाचं आहे. बाजारपेठेच्या त्या गावात ऑगस्ट १९९८ मध्ये गाडीतल्या बॉम्बने २९ माणसं मारली. खुनांबद्दल कुणालाही शिक्षा होईना, तेव्हा काही कुटुंबांनी स्वतः दावा लावला. २००९ मध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने 'रिअल आयआरए' ही संघटना आणि चार माणसं जबाबदार आहेत असं ठरवून १६ लाख पौंडांची भरपाई दिली. कोण जबाबदार हे एका न्यायालयाने नावानिशी, कारणांसह लिहून ठेवलं. कुटुंबांना पैशापेक्षा तेच हवं होतं.

आपल्या जिल्ह्यातल्या पीडितांना आज हाताशी असलेला मार्ग लहान आहे, पण तो वापरावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये पीडित भरपाई योजना आहे. पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-अ मध्ये होती. आरोपी सुटले तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. गुन्हेगार सापडलाच नाही आणि खटला उभाच राहिला नाही, तर पीडित किंवा त्याचे वारस थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करणं कायद्याने बंधनकारक आहे. केंद्राची दहशतवादातल्या नागरी पीडितांसाठीची मदत योजना वेगळी आहे, तिचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. अर्जासोबत एफआयआरची प्रत, मृत्यूचा दाखला किंवा अपंगत्वाचं प्रमाणपत्र, वारसांचे कागद आणि रुग्णालयाची बिलं जोडा. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे.